इरुलेगीचा हात आणि तुमचा राग

स्पेनमधल्या इरुलेगी टेकडीवर मिळालेला काशाचा हात आणि त्यावरचा प्राचीन मजकूर बास्क भाषेतला (उत्तर स्पेन-दक्षिण फ्रान्समधली भाषा) आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. काशाच्या पत्र्याच्या या हातावरच्या मजकुराला मी 'शिलालेख' म्हटलं, ही चूक माझीच. दुरुस्त केली आहे. पण 'एका शब्दावर इमला बांधलात, इरुन्या-वेलेयाचा फज्जा विसरलात' हे वाक्य मात्र मला तसंच सोडवत नाही.

वेलेया विसरलेलो नाही. स्पेनच्या आलावा प्रांतातल्या या उत्खननस्थळी मिळालेल्या, प्राचीन म्हणून दाखवलेल्या खापऱ्यांवर बास्क शब्द सापडल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं. एका खापरीवर तर वधस्तंभावरच्या येशूवर 'आर.आय.पी.' लिहिलेलं! जो पुन्हा उठला अशी श्रद्धा, त्याला चिरशांती कोण चिंतेल? 2008 मध्ये तज्ज्ञ समितीने त्या खापऱ्या बनावट ठरवल्या, 2020 मध्ये उत्खननप्रमुखाला शिक्षाही झाली.

आता इरुलेगी बघा. पाम्प्लोना शहराजवळच्या या टेकडीवर अरांसादी या संशोधन संस्थेच्या लोकांना जून 2021 मध्ये हा हात मिळाला, तेव्हा त्यावर अक्षरं आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढच्या जानेवारीत प्रयोगशाळेत माती साफ करताना ती दिसली. हात होता जळून कोसळलेल्या घराच्या थरात. रोमन सेनापती सर्टोरियसच्या युद्धात, इ.स.पू. पहिल्या शतकात, ती वस्ती उद्ध्वस्त झाली आणि ढिगाऱ्याखाली सगळं जसंच्या तसं राहिलं. अक्षरंही दोनदा काढलेली: आधी टोकदार हत्याराने रेघ, मग त्याच रेघेवर ठिपके. लिपी इबेरियन (प्राचीन स्पेनमधल्या) घराण्यातली, पण त्यात 'टी'सारखं एक चिन्ह आहे, जे बाकीच्या इबेरियन लेखांत नाही. त्या भागातल्या प्राचीन वास्कोन लोकांच्या नाण्यांवर मात्र आहे. एवढ्या बारकाव्याची बनावट वेलेयावाल्यांना जमली नसती.

अर्थाबद्दल मात्र तुमचा मुद्दा खरा आहे. चार ओळी, चाळीसेक चिन्हं. पहिला शब्द 'सोरिओनेकु' असा वाचला गेला, आजच्या बास्कमधल्या 'सोरिओनेको'शी (भाग्यवान, शुभ) त्याची सांगड घातली गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये वर्तमानपत्रांनी ती डोक्यावर घेतली. मीही घेतली. पुढे त्या शब्दाच्या शेवटच्या चिन्हावरच मतभेद झाले आणि बास्क व्युत्पत्तीचे काही जाणकार ही सांगड मानत नाहीत. शेवटचा शब्द 'एराउकोन' मला जास्त बोलका वाटतो, कारण तो क्रियापदासारखा दिसतो आणि जुन्या बास्कमधल्या 'सेराउकोन' या रूपाशी त्याची तुलना होते. मधले शब्द अजून बंदच आहेत. तेव्हा 'पहिलं बास्क वाक्य' हे माझं शीर्षक मागे घेतो.

पण 'मग त्यात बास्क काहीच नाही' हेही पटत नाही. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज पर्वताच्या उत्तरेला रोमनकाळच्या लॅटिन लेखांत 'नेस्काटो', 'किसोन' अशी नावं आहेत. आजच्या बास्कमध्ये 'नेस्काटो' म्हणजे मुलगी, 'गिसोन' म्हणजे पुरुष. तिथे नावं बास्कसारखी, पण लेख परक्या भाषेतला. इथे अख्खा मजकूर स्थानिकांचा, त्यांच्याच लिपीत, घराच्या दारापाशी मिळालेला. बोटं खाली करून तो हात खिळ्याने ठोकलेला असावा. दारावरच होता का, याबद्दल मी मूळ लेखात जरा जास्तच ठाम लिहिलं. तिथे आता 'बहुधा' घालतो.