परवडणारा उजेड

आमची कन्या दोन वर्षांची असून ती फक्त झोपेत स्थिर असते. जागेपणी तिचे जे फोटो निघतात त्यांत अर्धा पाय, पळून चाललेल्या डोक्याची मागची बाजू किंवा नुसताच हलणारा पडदा सापडतो. झोपली की मात्र ती चित्रातल्यासारखी पडून राहते; पण तेव्हा खोलीत फक्त झीरोचा दिवा असतो. मोबाइलचा रात्रीचा मोड अनेक फ्रेम घेऊन त्यांची बेरीज करतो, आणि नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत तिने कूस बदलल्यामुळे आमच्या संग्रहात तीन हातांची कन्या दाखल झाली. फ्लॅश मी एकदाच वापरला. त्यानंतरची पहाट आम्ही तिघांनी मिळून पाहिली.

म्हणून कमी उजेडात चांगले फोटो काढणारा आणि खिशाला परवडणारा असा डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरले. ही दोन विशेषणे एकमेकांशी किती फटकून वागतात, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मेगापिक्सेलचा मोह लवकर सुटला. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. त्या मानाने आज कोणताही कॅमेरा श्रीमंतच म्हणायचा. खरा प्रश्न उजेड झेलणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा आहे, हे कळले आणि तिथूनच माझ्या हालांना सुरुवात झाली. ‘१ इंच’ सेन्सर म्हणून जो मिरवला जातो तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याची कोणतीही बाजू, अगदी कर्णसुद्धा, इंचभर भरत नाही. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले आहे. घराचे क्षेत्रफळ विचारावे आणि मालकाने कुंपणाची लांबी सांगावी, तसा हा प्रकार.

शेवटी मी पट्टी आणि कात्री घेऊन सगळे सेन्सर कागदाचे कापले आणि टेबलावर मांडले. १/२.३ इंचाचा तुकडा जेमतेम २८ चौरस मिलिमीटर, १ इंचाचा ११६, एपीएस-सी सुमारे ३७० आणि फुल-फ्रेम ८६४. सर्वांत लहान तुकडा पंख्याच्या वाऱ्याने उडाला तो अद्याप सापडलेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयीचा निर्णय आपोआप झाला. फुल-फ्रेमचा तुकडा टेबलावर ऐटीत बसून होता. त्याची किंमत पाहिल्यावर तो मीच फुंकर मारून उडवला.

मग लेन्स. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एफ/१.८’ लिहिलेले असते आणि त्यापुढची बारीक आडवी रेघ व ‘५.६’ हा आकडा नजरेतून निसटतो. ती रेघ सांगते की झूम न करता १.८, आणि पूर्ण झूम केल्यावर ५.६, म्हणजे सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड जवळजवळ एक-दशांश. आकडा जितका लहान तितके लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र मोठे, हे मी सौभाग्यवतींना समजावून सांगितले. “लहान आकडा चांगला, हा नियम किमतीला का नाही लावत?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

एका अनुभवी मित्राने, “आयएसओ वाढव, विषय संपला,” असे सांगून आपला खिशात मावणारा कॅमेरा एका रात्रीसाठी दिला. पण आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड किती फुगवून दाखवायचा तो आकडा; तो वाढवल्याने बाहेरचा उजेड वाढत नाही. रेडिओवरचे दूरचे स्टेशन मोठ्याने लावावे आणि गाण्याबरोबर खरखरही वाढावी, तसे होते. ६४०० वर कन्येला कांजिण्या आल्यासारख्या दिसू लागल्या. त्यात हात न थरथरण्याची जी सोय होती ती फक्त माझ्या हातापुरती. कन्येच्या पायांवर तिचा काही अंमल चालत नाही.

अखेर काही वर्षे वापरलेली एपीएस-सी सेन्सरची बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, आणि ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची, झूम नसलेली लेन्स असा जोड जमला. माझ्या मते कमी पैशांत याहून अधिक उजेड विकत मिळत नाही. फक्त ही लेन्स एपीएस-सीवर फुल-फ्रेमवरच्या ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे दृश्य अधिकच जवळ ओढते, त्यामुळे पूर्ण कन्या चौकटीत मावेना. मागे सरकत सरकत मी कपाटाच्या मुठीवर पाठ टेकवून उभा राहिलो. फ्लॅश बंद, बीप बंद, शटर १/१५ सेकंद, आयएसओ ६४००, श्वास रोखलेला. बटण अर्धे दाबले. अंधारात फोकस सापडेना, म्हणून कॅमेऱ्याने आपल्याच बुद्धीने अंगचा नारिंगी मदतदिवा पेटवला आणि तो थेट तिच्या पापण्यांवर पडला. तो दिवा मेन्यूतून बंद करता येतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

कन्या उठून बसली. “आता जागीच आहे तर,” असे म्हणत सौभाग्यवतींनी ट्यूबलाइट लावला आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. फोटो छान आला आहे. मागे कपाटाला टेकलेला मी तेवढा हललो आहे.