युरोव्हिजनपायी कोणता देश बुडाला, ते एकदा सांगाच

‘गाण्याच्या नावाखाली युरोपची लूट’ अशा मथळ्याचं एक ढकलपत्र सध्या जोरात फिरतंय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा, जिंकणाऱ्या देशाला पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरवावीच लागते, त्यात त्याचं दिवाळं निघतं, रोमेनिया त्यातच बुडाला, म्हणून आयर्लंड मुद्दाम हरतं. खर्चाबद्दल लोकांना कुणी विचारत नाही. रंगमंचावर कुणी गातच नाही, सगळे नुसते ओठ हलवतात. श्रीमंत देश विजेतेपद विकत घेतात, बाकीचे शेजाऱ्याला मत देतात. आजवर एकही खरा कलाकार तिथून निघालेला नाही. आणि विजेता कोट्यधीश होऊन घरी जातो. ध्वनिसंयोजन शिकणाऱ्या एका मुलीने हे खरं मानून विचारलं, ‘मग लाइव्ह आवाजाचं काम शिकून उपयोग काय?’ तिच्यासाठी हे उत्तर. बाकीच्यांनीही वाचावं आणि पुढे ढकलण्याआधी जरा थांबावं.

आधी दिवाळ्याचं बघू. ‘देशाचा खर्च’ म्हणून ढकलपत्रात जो आकडा दिलाय, ती चार वेगवेगळ्या खिशांची एकत्र बांधलेली मोट आहे. पहिला खिसा भाग घेणाऱ्या प्रत्येक प्रसारकाचा, म्हणजे देशाच्या वतीने उतरणाऱ्या टीव्ही संस्थेचा. तो युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनला, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या प्रसारकांच्या संघटनेला, सहभाग शुल्क भरतो, आणि ते सगळ्यांना सारखं नसतं, प्रसारकाच्या आकारमानाप्रमाणे ठरतं. स्पेनच्या आरटीव्हीईसारख्या मोठ्या प्रसारकाचं शुल्क अलीकडच्या वर्षांत साडेतीन लाख युरोंच्या आसपास होतं. दुसरा खिसाही त्याच प्रसारकाचा, पण खर्च निराळा: गायक-नर्तकांचा प्रवास, मुक्काम, नेपथ्य, कपडे. हा किती करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिसरा खिसा यजमान प्रसारकाचा: रंगमंच, प्रकाश, कॅमेरे, ध्वनी, तंत्रज्ञ. चौथा यजमान शहराचा: पोलीस बंदोबस्त, वाहतूक, चौकातले पडदे, पाहुण्यांची सोय.

आता जमेची बाजू, जिचा ढकलपत्रात उल्लेखच नाही. सगळ्या देशांची शुल्कं एकत्र होऊन यजमान प्रसारकाच्या मदतीला येतात. प्रायोजक असतात. आणि तिकिटं तीन नव्हे, नऊ प्रयोगांची विकली जातात: दोन उपांत्य फेऱ्या, एक अंतिम फेरी आणि प्रत्येकीच्या दोन-दोन रंगीत तालमी.

‘भरवावीच लागते’ हे तर साफ खोटं. लक्झेंबर्ग १९७२ आणि १९७३ असं लागोपाठ जिंकलं. १९७३ची स्पर्धा भरवून झाल्यावर पुन्हा तो खर्च नको म्हणून त्यांनी हात जोडले, आणि १९७४ची स्पर्धा बीबीसीने ब्रायटनमध्ये घेतली. १९७९ साली जिंकलेल्या इस्रायलनेही पुढच्या वर्षी नकार दिला, स्पर्धा हेगला झाली. २०२२ साली युक्रेन जिंकलं, युद्धामुळे २०२३ची स्पर्धा लिव्हरपूलला झाली. कुणालाही दंड झाला नाही.

रोमेनियाची गोष्ट तर कहर आहे. २०१६ साली स्टॉकहोमच्या स्पर्धेला जेमतेम तीन आठवडे उरले असताना युनियनने रोमेनियाला बाहेर काढलं, हे खरं. पण का? तिथल्या सरकारी प्रसारकाने २००७पासूनची सुमारे १ कोटी ६० लाख स्विस फ्रँकची थकबाकी भरली नव्हती. युनियन म्हणजे नुसती गाण्याची स्पर्धा नव्हे. बातम्यांच्या चित्रफितींची देवाणघेवाण, क्रीडाप्रसारण अशा सगळ्या सेवा ती सदस्यांना देते, आणि थकबाकी राहिली की त्या सेवा बंद होतात. त्यात स्पर्धाही गेली. रोमेनियाने तर ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकलेली नाही, मग भरवणार कुठून आणि बुडणार कसा? शेजाऱ्याचं वीजबिल थकलं म्हणून त्याचा टीव्ही बंद पडला, तर त्याला टीव्हीने कंगाल केलं असं आपण म्हणत नाही.

आयर्लंडच्या ‘मुद्दाम हरण्या’बद्दल एवढंच: १९९२, ९३, ९४ अशी सलग तीन वर्षं जिंकून त्यांनी तिन्ही वेळा पुढची स्पर्धा भरवली. १९९६ साली परत जिंकले, १९९७ साली परत यजमान झाले आणि त्या वर्षी घरच्या मैदानावर दुसरे आले. हरण्याचा प्रयत्न करणारा दुसरा येत नाही. शिवाय १९९३ची स्पर्धा त्यांनी मिलस्ट्रीट नावाच्या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावात, घोड्यांच्या स्पर्धांसाठी बांधलेल्या सभागृहात घेतली होती.

खर्च हाताबाहेर जात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ साली कोपनहेगनने जुन्या जहाजबांधणी कारखान्याची शेड निवडली. इथे जाणकाराला लगेच धोका दिसतो. या स्पर्धेसाठी सभागृह निवडताना साधारण १० हजार प्रेक्षकांची जागा, मोठा विमानतळ आणि हॉटेलं या गोष्टी तर बघतातच, पण खरा प्रश्न छताचा असतो. दिवे, स्पीकर, पडदे, नेपथ्य मिळून शंभर-दोनशे टन वजन वर टांगायचं असतं. तयार इनडोअर स्टेडियमचं छत त्या हिशेबाने बांधलेलं असतं, जुन्या शेडचं नसतं. मग मजबुतीकरण, वीज, रस्ते, स्वच्छतागृहं, सगळं नव्याने करावं लागतं. यजमान कंपनीला ७ कोटी क्रोनरहून जास्त तूट आली आणि शहराच्या पर्यटन संस्थेच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. २०१२ साली अझरबैजानच्या बाकूने तर समुद्रकिनारी नवीन क्रिस्टल हॉलच उभारला. सगळ्यात महागड्या स्पर्धेचा आकडा म्हणून जो मिरवला जातो, त्यात ही बांधकामं घुसडलेली असतात. बाकूच्या पुढच्याच वर्षी स्वीडनच्या प्रसारकाने माल्मो हे लहान शहर निवडलं, तयार सभागृह घेतलं, सूत्रसंचालनाला एकच बाई ठेवली आणि कार्यक्रम उत्तम केला. म्हणजे दिवाळं निघालंच तर ते स्पर्धा निवडल्याने नाही, जागा निवडल्याने निघतं.

लोकांना विचारलं जात नाही म्हणे. २०२५ची स्पर्धा भरवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये नोव्हेंबर २०२४मध्ये या खर्चावर चक्क सार्वमत झालं. सुमारे साडेतीन कोटी फ्रँकचा प्रश्न होता, ६६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी होकार दिला. लिव्हरपूलमध्ये शहर आणि प्रदेश मिळून ४० लाख पौंड, केंद्र सरकारकडून १ कोटी पौंड गेले, आणि नंतरच्या मूल्यमापनात स्थानिक अर्थव्यवस्थेला ५ कोटी ४८ लाख पौंडांचा निव्वळ लाभ दाखवला गेला. ते मूल्यमापन शहरानेच करवून घेतलं होतं, तेव्हा थोडं हातचं राखून वाचावं. आणि तो लाभ हॉटेलं-उपाहारगृहांच्या गल्ल्यात जातो, प्रसारकाच्या नाही. छोट्या प्रसारकांना शुल्कही जड जातं, हे मान्य. २०२३ साली माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसेडोनिया खर्चाचं कारण देऊन बाहेर राहिले. पण बाहेर राहता येतं, हेच तर सांगतोय.

आता ‘कुणी गातच नाही’. स्पर्धेची नियमावली जाहीर आहे आणि या मुद्द्यावर ती अगदी स्पष्ट आहे: गाणं जास्तीत जास्त ३ मिनिटांचं, रंगमंचावर जास्तीत जास्त ६ माणसं, आणि मुख्य आवाज जागेवर, प्रत्यक्ष गायलेला. साथसंगत ध्वनिमुद्रित. ढकलपत्र लिहिणाऱ्याने शेवटचे दोन शब्द वाचले आणि बाकी वाक्य सोडून दिलं.

गिटारची तार कुठेही जोडलेली नसते आणि ढोलकिया हवेत काठ्या मारतो, हे खरंच आहे. स्पर्धेत शेवटचा वाद्यवृंद १९९८ साली बर्मिंगहॅमला बसला. पण कारण बघा. अंतिम फेरीत २५-२६ गाणी असतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये एक छोटी चित्रफीत दाखवतात. ती चालते साधारण ४०-५० सेकंद. तेवढ्यात आधीचं नेपथ्य बाहेर, पुढचं आत, खुणेच्या चिकटपट्टीवर नेमकं उभं करायचं, केर काढायचा, गायकाचा माइक आणि त्याला साथ ऐकवणारा कानातला मॉनिटर तपासायचा. नुसत्या एका ड्रमसेटला आठ-दहा माइक लागतात. ते लावून, प्रत्येकाचा आवाज येतोय का बघून, पातळी जुळवायला कसलेल्या माणसालाही पाऊण मिनिट पुरत नाही. एक केबल ढिली राहिली तर कोट्यवधी लोकांपुढे त्या देशाचा निकाल लागला.

ध्वनिमुद्रित ट्रॅकचा आणखी एक उपयोग आहे. त्याच्याबरोबर टाइमकोड, म्हणजे क्षणाक्षणाची वेळेची खूण, धावतो आणि त्यावर दिवे, पडद्यावरची चित्रं, कॅमेऱ्यांचे कट, आतषबाजी बांधलेली असते. गाणं सुरू झालं की ते मागेपुढे होत नाही, थांबत नाही. म्हणजे गायकाला सावरून घेणारं कुणी नसतं. मैफिलीत गवई अर्धी मात्रा चुकला तर तबलजी सांभाळून घेतो, ट्रॅक सांभाळत नाही. कानातला मॉनिटर बंद पडला तर सभागृहातला उशिरा येणारा, घुमणारा आवाज ऐकून गावं लागतं, आणि त्यात माणूस लयीत मागे पडतो किंवा सुरातून घसरतो. २००३ साली ब्रिटनचं जेमिनी हे द्वय रीगामध्ये टीव्हीवर बेसूर गायलं. मॉनिटरमधून साथ ऐकू येत नव्हती, असं त्यांचं म्हणणं. गुण पडले शून्य. ओठच हलवायचे असते तर बेसूर झाले असते का?

अर्धं सत्य आणखी एक आहे आणि ते मलाही आवडत नाही. २०२१पासून मागच्या साथीचे आवाज ध्वनिमुद्रित चालतात. कोविडमध्ये पथकं लहान ठेवायला ही सूट दिली, कोविड गेला, सूट राहिली. त्यामुळे ध्रुवपद कधीकधी माणसांच्या संख्येपेक्षा भरगच्च ऐकू येतं. पण मुख्य आवाजाला ही सूट नाही. त्याच वर्षी रॉटरडॅममध्ये आइसलँडच्या चमूत एकाला कोविड झाला, तेव्हा त्यांच्या तालमीचं चित्रण दाखवलं गेलं. ते तसं जाहीर करून दाखवलं आणि तरी ते चौथे आले. सगळं आधीच मुद्रित असतं तर हा खटाटोप कशाला?

शिवाय ज्युरी, म्हणजे प्रत्येक देशाचं परीक्षक मंडळ, अंतिम रात्रीच्या गाण्यावर मत देतच नाही. ती देते आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीवर. म्हणून गायकाला लागोपाठ दोन रात्री पूर्ण ताकदीने गावं लागतं आणि मधल्या दुपारच्या तालमीत बरेचजण मुद्दाम दबक्या आवाजात गातात. ओठ हलवणाऱ्याला गळा राखायची गरज नसते. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला सांगतो: गायकाच्या कानात जाणाऱ्या आवाजांचा मिक्स करणारा आणि माइक बदलून देणारा, हे तिथले सगळ्यात ताणातले लोक असतात.

उरलेलं भराभर. श्रीमंत विकत घेतात? सगळ्यात जास्त पैसा देणारे पाच देश, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि ब्रिटन, २०२५पर्यंत थेट अंतिम फेरीत जात होते हे खरं. पण २००० ते २०२५ या काळात त्यांच्यातले जिंकले फक्त जर्मनी, २०१० साली, आणि इटली, २०२१ साली. विकत घेणारं गिऱ्हाईक फारच अडाणी म्हणायचं. शेजाऱ्यांची मतं? ग्रीस आणि सायप्रसचे एकमेकांना १२ गुण, म्हणजे सर्वाधिक गुण, हा जुना विनोद आहे, आणि २०२२ साली सहा देशांच्या ज्युरींचं मतदान संशयास्पद म्हणून रद्द झालं. २०२५च्या प्रचारमोहिमांच्या वादानंतर एका पेमेंट पद्धतीवर देता येणाऱ्या मतांची मर्यादाही २० वरून १० केली. तेव्हा गैरप्रकार होत नाहीत असं नाही. पण जमिनीवर एकच शेजारी असलेलं पोर्तुगाल २०१७ साली, स्वतःच्या भाषेतल्या एका हळुवार गाण्यावर ७५८ गुण घेऊन जिंकलं. तो शेजारी कितीही खूश झाला तरी ज्युरीचे १२ + प्रेक्षकांचे १२ म्हणजे २४ गुणच देऊ शकतो.

एकही खरा कलाकार नाही? १९७४, स्वीडनचा ॲबा बँड. १९८८, स्वित्झर्लंडकडून सेलिन डिऑन. २०२१, इटलीचा रॉक बँड मॉनेस्किन. आणि १९५८ साली तिसरं आलेलं डोमेनिको मोदुन्योचं गाणं पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात वर्षातलं सर्वोत्तम ठरलं. बंडल गाणी असतात का? दरवर्षी ढिगाने असतात.

आणि ते कोट्यधीश प्रकरण. विजेत्याला मिळतो काचेचा एक मायक्रोफोन. रोख रक्कम नसते.