इन्शुलिन घेणाऱ्यांनी धावू नये म्हणे!

पाऊस ओसरला, पणजीच्या मिरामार-दोनापावला रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढली, की हा फॉरवर्ड हमखास पुन्हा फिरू लागतो. खाली ‘एक अनुभवी डॉक्टर’ एवढीच सही. मजकुराचा सारांश असा: टाइप वन डायबेटिस गोड खाऊन आणि बसून राहून होतो. रोज धावलं तर इन्शुलिन सुटतं. मात्र इन्शुलिन चालू असताना पाऊण तासापेक्षा जास्त धावू नये. अल्ट्रा मॅरेथॉन म्हणजे मरणाला आवतण. धावताना गोड वर्ज्य, शहाळ्याचं पाणी पुरे. आणि शुगर चढली असेल तर धावून उतरवावी.

धावून बरे व्हा आणि धावलात तर मराल, दोन्ही एकाच दमात! मी टाइप वनवाली आहे आणि मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपुढची अंतरं, म्हणजेच अल्ट्रा, धावते. त्यामुळे नात्यातलं कोणी ना कोणी तो मला ‘जप गं बाई’ असं लिहून पाठवतंच. आता एकदाच सविस्तर उत्तर देते.

आधी गोड आणि आळस. ही गल्लत गोव्यात का होते ते समजतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत गोव्यात डायबेटिसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यांत जास्त. म्हणजे घरटी एक रुग्ण आणि दोन सल्लागार. पण हे रुग्ण जवळजवळ सगळे टाइप टूचे. त्यांचं शरीर इन्शुलिन बनवतं, फक्त ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तो लहान मुलांना होतो, काटक खेळाडूंनाही होतो. दोदोलसारखं गोड खाऊन तो येत नाही आणि कितीही घाम गाळला तरी जात नाही.

‘इन्शुलिन सुटतं’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबतं, कारण ते वाचून एखाद्या आईने मुलाची सुई थांबवली तर? ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी टाइप वनच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच इलाज होता. धावल्याने डोस कमी होतो, माझाही होतो. शून्य कधीच होत नाही.

आता पाऊण तासाची मर्यादा. यात तथ्याचा एक कण आहे, म्हणूनच लोकांना ती पटते. धावताना स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर ओढून घेतात. ज्याला डायबेटिस नाही त्याचं स्वादुपिंड अशा वेळी आपोआप हात आखडता घेतं. आमचं इन्शुलिन मात्र आधीच टोचलेलं असतं, ते मागे घेता येत नाही. उलट धावताना रक्तपुरवठा वाढल्यामुळे ते भराभर रक्तात उतरतं. शुगर ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, ५४च्या खाली डोकं चालेनासं होतं. धोका खरा आहे. पण तो शरीरात त्या वेळी किती इन्शुलिन कामावर आहे यावर ठरतो, घड्याळावर नाही. नाश्त्याचा पूर्ण डोस घेऊन निघालेला माणूस वीस मिनिटांतही कोसळू शकतो. डोस आधी कमी केलेला, दर तासाला खाणारा माणूस दिवसभर धावू शकतो.

हे कमी करणं अंदाजपंचे नसतं. २०१७ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून टाइप वन आणि व्यायाम यांवर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. सुरुवातीला शुगर साधारण १२६ ते १८० असावी, लांब पल्ल्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, धावण्याआधीच्या जेवणाचा डोस पाव ते पाऊण हिश्शाने कमी करावा, असं त्यात आहे. यातला आपला हिस्सा कोणता, हे आपल्या डॉक्टरांबरोबर सरावातून ठरवायचं. गंमत म्हणजे अल्ट्राची संथ, एकसारखी चाल सांभाळायला बरी. जोरकस छोट्या धावेत अ‍ॅड्रेनलिनमुळे शुगर उलट चढते, आणि ती पाहून घाईने सुई मारली की पुढे खड्डा ठरलेला.

उदाहरणं हवीत? वासिम अक्रमला १९९७ साली टाइप वनचं निदान झालं. एकदिवसीय सामन्यांत ५०० बळींचा टप्पा त्याने त्यानंतर, २००३च्या विश्वचषकात गाठला. कॅनडाचा सेबास्तियन सासव्हिल टाइप वन घेऊन २०१४ साली आपला अख्खा देश धावला, सुमारे ७,२०० किलोमीटर. जाता जाता: दक्षिण आफ्रिकेतली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पहिल्यांदा धावली गेली आणि बँटिंग व बेस्ट या संशोधकांनी इन्शुलिनचे प्रयोग सुरू केले, ते एकाच महिन्यात, मे १९२१मध्ये.

फॉरवर्डवाल्याला ठाऊक नसलेला धोका वेगळाच आहे. शर्यत संपते, मेडल गळ्यात पडतं, आणि रिकामे झालेले स्नायू पुढचे २४ तास, कधी त्याहून जास्त, साखर ओढत राहतात. शुगर कोसळते ती रात्री दोन-अडीचला, गाढ झोपेत. म्हणून त्या रात्री बेसल, म्हणजे दिवसरात्र संथ काम करणाऱ्या इन्शुलिनचा डोस कमी, झोपण्याआधी पोटभर पेज आणि अंगावर चिकटवलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म मोठा.

गोड वर्ज्य, शहाळं पुरे? हिशेब करा. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साखर जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास. तासाचे ६० ग्रॅम भरायला सहा पेले. धावताना पोट नुसतं डुचमळेल. धावपटूंच्या गोड एनर्जी जेलच्या एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. माझ्या बंडीच्या उजव्या खिशात जेल, डाव्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, आणि आत वेगळ्या पिशवीत ग्लुकोमीटर. वेगळी पिशवी का? जेल बोटांना चिकटतं. त्याच बोटाला सुई टोचली तर थेंबात बाहेरची साखर मिसळते आणि मशीन ११० ऐवजी ३०० दाखवू शकतं. मानकुराद आंबा खाल्ल्यावरही हेच. शर्टाला बोट पुसून भागत नाही, पाण्याने धुवून कोरडं करावं लागतं. सेन्सर आहे ना, असं म्हणाल, तर तो पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शिवाय आपल्या दमट हवेत त्याची चिकटपट्टी घामाने कधी सुटेल सांगता येत नाही.

शेवटचा मुद्दा, चढलेली शुगर धावून उतरवणे, हा सरळ जिवावर बेतणारा सल्ला आहे. शुगर खाण्यामुळे चढली असेल तर एक वेळ चालेल. पण इन्शुलिन पंपाची नळी निसटली असेल, किंवा मे महिन्याच्या उन्हात गाडीत राहिलेलं इन्शुलिन खराब झालं असेल, तर शरीरात इन्शुलिनच नसतं. मग यकृत साखर ओततच राहतं, चरबी जळून कीटोन नावाची आम्लं साठतात, आणि धावण्याने दोन्ही वाढतात. म्हणून आधी कीटोन तपासायचे, रक्तात १.५ मिलीमोल किंवा जास्त असतील तर बूट काढून ठेवायचे. गेल्या २४ तासांत शुगर इतकी उतरली असेल की दुसऱ्याची मदत लागली, तरीही धावणं बंद. डोळ्यांचा पडदा किंवा पायांच्या नसा बिघडल्या असतील तर डॉक्टर होय म्हणेपर्यंत घरी. सावधगिरीच सांगायची होती तर हे लिहायचं होतं.

अशा फॉरवर्डचा परिणाम रस्त्यावर दिसतो. एका शर्यतीत पाण्याच्या टेबलावरच्या मुलाने माझ्या मनगटावरची पट्टी वाचली आणि पुढे केलेला सरबताचा ग्लास मागे घेतला. “ताई, तुम्हाला डायबेटिस आहे ना? मग हे नको.” बिचाऱ्याच्या मनात काळजीच होती. त्याला आणि टेबलामागे उभं राहणाऱ्या सगळ्यांना सांगते: टाइप वनवाला धावपटू घामाघूम, गोंधळलेला दिसला आणि त्याला गिळता येत असेल, तर आधी साखर द्या, नंतर शुगर मोजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुगर ठीक निघाली तर उष्माघात किंवा नुसतं पाणी पिऊन उतरलेलं सोडियम, हे संशय उरतात. तेव्हा वैद्यकीय पथकाला बोलवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा.