प्रत ठेवणारं कुणी असेल तरच

‘वेबसाइट एकदा आयपीएफएसवर टाकली की कायमची राहते’ असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. (आयपीएफएस म्हणजे फाइली एकाच सर्व्हरवर न ठेवता अनेकांच्या कॉम्प्युटरवरून एकमेकांना देण्याची पद्धत.) मला हे तंत्रज्ञान मनापासून आवडतं, म्हणूनच हा गैरसमज मला खुपतो.

नेहमीच्या वेबवर पत्ता असतो तो सर्व्हरचा. मालकाने भाडं थकवलं किंवा कंपनीने गाशा गुंडाळला की साइट गेली. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही लोकांच्या वेबपानांना जागा देणारी सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली असंख्य पानं एका निर्णयात गेली. बंद पडणाऱ्या साइट जपणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि २०१० मध्ये ६०० जीबीहून मोठा साठा टॉरेंटने, म्हणजे लोकांनी एकमेकांकडून फाइल उतरवून घेण्याच्या पद्धतीने, वाटला.

आयपीएफएसमध्ये पत्ता मजकुरातूनच निघतो. फाइलचे तुकडे होतात, त्यांचा हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा) काढला जातो आणि त्यावरून पत्ता ठरतो. एक स्वल्पविराम बदला, पत्ता बदलतो. त्यामुळे प्रत कुणाकडूनही येवो, ती अस्सल आहे की नाही हे तुमचाच कॉम्प्युटर तपासून घेतो. साव की चोर हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून बिनधास्त प्रत घेता येते! २०१७ मध्ये तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली, तेव्हा तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर चढवली गेली ती याच जोरावर.

पण प्रत टिकते ती कुणीतरी ठेवली तरच. तुम्ही पाहिलेलं पान तुमच्या नोडच्या (आयपीएफएस चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, येतं खरं, पण साफसफाई झाली की उडतं. ठेवायचं तर पिन करावं लागतं, म्हणजे ‘ही प्रत पुसू नको’ असं नोडला सांगावं लागतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून पिन करून घेतलंत, तर ते पुन्हा भाडंच. आणि बहुतेक वाचक नोड चालवतच नाहीत. ते साध्या ब्राउझरला आयपीएफएसचं पान आणून देणाऱ्या गेटवेवरून येतात, म्हणजे परत कुणाच्या तरी सर्व्हरवरूनच. ब्रेव्ह कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ब्राउझरमध्येच आयपीएफएसची सोय दिली होती. पुढे तीही काढली, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून साइट बनवणाऱ्यांना विनंती: त्या त्या आवृत्तीचा हॅश पानाच्या तळाशी ठळक द्या, म्हणजे ज्याला जपायचंय त्याला पिन करता येईल. आणि वाचकहो, घरचा कॉम्प्युटर दिवसभर चालूच असेल तर त्यावर नोड बसवा, आवडीच्या दोन-चार साइट पिन करा. मात्र कुणाचे खासगी फोटो किंवा फोन नंबर तिथे चढवू नका. दुसऱ्याने पिन केलेली प्रत तुम्हाला पुसता येत नाही.