चांदीचं नाणं घरीच ठेवा

तुमच्या लेखातला जंगलफेरीत वारुळावर सात्या (वारुळावर उगवणारी खाण्याची टेकोडी, म्हणजे अळंबी) सापडल्याचा भाग वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्या कुरखेड्याकडे पावसानं जरा उघडीप दिली की बाया पहाटेच निघतात. सात्या उपटली तर मुळासारखा लांब दांडा थेट वारुळात गेलेला दिसतो. ही बुरशी उधईच (वाळवीच) आत पोसते. पण विषारी टेकोड्यानं चांदीचं नाणं काळं पडतं, ही फेरीत कोणी सांगितलेली परीक्षा लेखात तशीच का छापली? विषारी टेकोड्यानं नाणं काळं पडेलच असं नाही. त्यापेक्षा टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पापुद्रे खाली करून ठेवा. सात्यांचे बीजाणू फिकट गुलाबी उमटतात, गवतातल्या एका विषारी जातीचे हिरवट. (गुलाबी म्हणजे खाण्याजोगंच, असंही नाही हं!) आमची आजी तर वारूळ सोडून दुसरीकडचं एकही टेकोडं चुलीजवळ येऊ देत नसे.