जड बॉल, महाग बॉल, जास्त हुक: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

टेनपिन बॉलिंगसाठी स्वतःचा पहिला बॉल घ्यायचा विचार सुरू झाला की एक सल्ला हमखास समोर येतो. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये सुट्टीला खेळणाऱ्यांत तो फिरतो आणि अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्या मंडळींतही फिरतो. त्याचा मतलब असा: बॉलचं वजन शरीराच्या दहा टक्के असावं, पेलेल तितका जड घ्यावा. जो सगळ्यात जास्त हुक होतो, म्हणजे लेनवर वळतो, तोच चांगला, म्हणून परवडेल तितका महाग घ्यावा. लेनवरच्या तेलाची चिंता प्रोफेशनल खेळाडूंनी करावी, आपल्याला सगळ्या लेन सारख्याच. आणि असा एक बॉल हातात आला की स्पेअरला, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलने पाडायलाही, तोच चालतो.

यातलं एकही विधान मला मान्य नाही. दोनशे डॉलरच्या आसपासचा बॉल घेऊन, मनगट दुखवून घेऊन, ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणत लोक हा सुंदर खेळ सोडतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

वजनाचं आधी उरकतो, कारण तिथे हिशेबच चुकतो. नियमानुसार बॉल 16 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 7.26 किलोपेक्षा जड असूच शकत नाही. त्यामुळे दहा टक्क्यांचं सूत्र 73 किलोच्या वर गेलं की बंद पडतं. 90 किलोच्या माणसाला ते जवळपास 20 पौंडांचा बॉल घ्यायला सांगतं आणि तसा बॉल बनतच नाही. सल्ल्यात खरं इतकंच आहे की वेग सारखा असेल तर जड बॉल पिनवर आदळून कमी ढळतो. पण वेग सारखा राहतो का? 16 पौंडांचा बॉल ताशी 14 मैलांनी आणि 14 पौंडांचा ताशी 16 मैलांनी टाकला तर दोघांचा संवेग अगदी सारखा येतो, आणि गतिज ऊर्जा हलक्या बॉलची 14 टक्के जास्त भरते. प्रोफेशनल टूरवरचे बहुतेक खेळाडूही आज 15 पौंडच वापरतात. तिसऱ्या गेमच्या शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे पाळीत, खांदा खाली पडत असेल, बॉल सोडताना अंग एका बाजूला झुकत असेल, तर वजन उतरवा, मग तुमचं शरीर कितीही किलोचं असो.

वजनापेक्षा महत्त्वाचं आहे ते बॉल हातात कसा बसतो हे. हाउस बॉलची, म्हणजे बॉलिंग सेंटरमधल्या सगळ्यांसाठीच्या बॉलची, भोकं कुणाचाही अंगठा जावा म्हणून रुंद ठेवलेली असतात. मग बॉल निसटू नये म्हणून आपण अंगठा आवळतो, हात ताठरतो आणि सोडताना अंगठा अडकतो. आपल्या हाताच्या मापाने ड्रिल केलेला तितक्याच वजनाचा बॉल हलका वाटतो, कारण तो धरून ठेवावा लागत नाही. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला सांगून बॉल मागवणार असाल तर ड्रिल न केलेलाच मागवा. बोटांचं माप तुमचंच घ्यायला हवं, त्याच्या हातावरून चालणार नाही.

आता हुक. मुळात हुक लागतो कशाला, हे सल्ला देणारे सांगतच नाहीत. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकण्याच्या रेषेपासून, हेडपिन (सर्वात पुढची 1 नंबरची पिन) 60 फुटांवर असते. उजव्या हाताच्या खेळाडूने लेनच्या अगदी कडेवरून सरळ बॉल टाकला, तरी तो पॉकेटमध्ये, म्हणजे 1 आणि 3 नंबरच्या पिनच्या मधे, जेमतेम दीड अंशाच्या कोनात शिरतो. स्ट्राइकसाठी, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिन पाडण्यासाठी, उत्तम कोन 6 अंशांच्या आसपास मानला जातो. आदर्श स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनना लागतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीच्या सहा पिन या पिनच पाडतात. कोन उथळ असेल तर बॉल ढळतो आणि 5 नंबरपर्यंत पोचतच नाही. वळण हवं ते एवढ्यासाठी.

म्हणजे हवा आहे तो कोन, आणि तोही पिनपाशी. लेनवर जाताना बॉल तीन अवस्थांतून जातो: आधी घसरतो, मग वळतो आणि शेवटी सरळ गडगडत जातो. तो 30 फुटांवरच वळायला लागला तर पिनपर्यंत त्याच्यातला जोर संपलेला असतो. बघायला तो शॉट फार देखणा असतो, बॉल अर्धी लेन ओलांडून येतो. पण उजव्या कोपऱ्यातल्या 10 नंबरच्या पिनकडे बघा. जोरदार बॉल आला आणि तरीही 10 राहिली, तर 6 नंबरची पिन तिच्या मानेभोवती वळसा घालून उडालेली दिसते. जोर संपलेला बॉल आला तर तीच 6 नंबरची पिन लेनच्या कडेच्या गटरमध्ये, 10 च्या समोर, आडवी पडून राहते. याला फ्लॅट टेन म्हणतात. एका संध्याकाळी दोन-चारदा हे दिसलं तर तुमचा बॉल गरजेपेक्षा जास्त हुक होतो आहे, आणि दुकानात तुम्हाला सांगितलं जाईल नेमकं उलट: याहून जोरकस बॉल घ्या.

किती हुक पचेल हे तुमचा वेग आणि बॉलला तुम्ही देता ती फिरकी, म्हणजे रेव्ह (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या), यांच्या मेळावर ठरतं. दोन्ही फोनवर मोजता येतात. बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावा आणि सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत बॉल हातातून सुटतानाचा भाग बघा. टेप पूर्ण फेरी मारून यायला किती फ्रेम लागतात ते मोजा आणि 1800 ला त्या आकड्याने भागा. सहा फ्रेम लागल्या तर 300 रेव्ह. वेगासाठी फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंतची सेकंदं मोजून 40.9 ला त्यांनी भागा. अडीच सेकंद लागले तर ताशी 16 मैलांहून थोडा जास्त सरासरी वेग येतो. वेग भरपूर आणि रेव्ह कमी अशा माणसाला खरखरीत पृष्ठभागाचा, लवकर पकड घेणारा बॉल लागतो, नाहीतर तो घसरतच पिनपर्यंत जाईल. वेग कमी आणि रेव्ह 400 च्या घरात असतील, तर तोच बॉल त्याच्या हातात लेनच्या मध्यावरच दम टाकतो. त्याला पॉलिश केलेला, सौम्य बॉल हवा. एकाच्या हाताला पावलेला बॉल दुसऱ्याने डोळे मिटून घेऊ नये तो याचसाठी.

‘तेल फक्त प्रोफेशनल लोकांसाठी’ हे विधान मला सगळ्यात घातक वाटतं. लेनवर 39 पट्ट्या, म्हणजे बोर्ड असतात. सर्वसाधारण हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे रोजच्या खेळासाठी तेल लावायच्या नेहमीच्या रचनेत, फाउल लाइनपासून साधारण 40 फूट तेल असतं आणि पुढचे 20 फूट लेन कोरडी असते. हे तेल मधल्या बोर्डांवर भरपूर आणि कडेला फारच कमी असतं. म्हणून बॉल थोडा बाहेर गेला तर कोरड्या भागात पकड घेऊन परत येतो आणि थोडा आत पडला तर तेलावर घसरत पॉकेटलाच जातो. चूक पोटात घालणारी ही रचना आहे. आपली अर्धी अचूकता तेलाच्या मशीनने दिलेली असते, हे सपाट, म्हणजे सगळीकडे जवळपास सारखंच तेल असलेल्या पॅटर्नवर पहिल्यांदा खेळताना कळतं.

तेल जागेवर राहत नाही, हेही सल्ल्यात नसतं. रिअॅक्टिव्ह रेझिनचे, म्हणजे जास्त पकड घेणाऱ्या पृष्ठभागाचे बॉल तेल पितात. बॉल परत आला की त्याच्यावर तेलाच्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात, टॉवेलने पुसल्या की फडक्यावर काळपट डाग उतरतो. एका लेनवर चार-पाच जण दोन गेम खेळले की नेहमीच्या वाटेवरचं तेल उडतं आणि सुरुवातीला स्ट्राइक देणारी तीच वाट बॉलला हेडपिनच्या डावीकडे नेऊ लागते. तेव्हा उजव्या हाताच्या खेळाडूने पाय आणि नेम दोन्ही डावीकडे सरकवायचे, किंवा सौम्य बॉल काढायचा. सर्वात जास्त हुक होणारा एकच बॉल ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे दुसरा पर्याय उरतच नाही.

पॅटर्नची लांबी माहीत असेल तर एक ठोकताळा आहे: फुटांतून 31 वजा करा. 40 फुटांच्या पॅटर्नवर उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल उजव्या कडेपासून 9 व्या बोर्डच्या आसपास जाऊन वळायला हवा, 35 फुटांच्या आखूड पॅटर्नवर 4 थ्या, म्हणजे जवळजवळ गटरलगत. तिथे जोरकस रिअॅक्टिव्ह बॉल सावरता येत नाही आणि अनेक चांगले खेळाडू युरेथेनचा बॉल काढतात, कारण त्याचं वळण संथ आणि भरवशाचं असतं.

किमतीबद्दल थोडंच. महाग बॉल म्हणजे बहुधा जास्त तेलासाठी बनवलेला बॉल. तेवढं तेल तुमच्या लेनवर नसेल तर त्या पैशांत तुम्ही स्वतःची अडचण विकत घेता. शिवाय अमेरिकेच्या यूएसबीसी या बॉलिंग संस्थेने बॉलच्या गतीचा अभ्यास केला, तेव्हा सर्वात जास्त प्रभाव पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा आढळला. भर पावसात गुळगुळीत टायर आणि नव्या नक्षीचा टायर यांत जो फरक असतो, तसाच तो आहे. एकाच बॉलला 1000 ग्रिटचं, म्हणजे घासून खरखरीत करणारं पॅड मारलं किंवा पॉलिश केलं की लेनवर दोन वेगळे बॉल दिसतात. आतल्या कोअरच्या, म्हणजे गाभ्याच्या, चकचकीत चित्रांवर भाळण्याआधी एखादं पॅड घ्या आणि खेळून झाल्यावर दर वेळी बॉल क्लीनरने पुसायची सवय लावा. मध्यम ताकदीचा, सिमेट्रिक (समतोल आकाराच्या) कोअरचा बॉल नीट राखला तर हाउस पॅटर्नवर वर्षानुवर्षं पुरतो.

राहिला स्पेअरचा मुद्दा. उजव्या कोपऱ्यातली 10 नंबरची पिन एकटी उभी असते. तिच्याकडे हुक होणारा बॉल टाकायचा तर उजवीकडच्या कोरड्या बोर्डांवरूनच जावं लागतं, आणि तिथेच तो आत वळून पिनला चुकवतो. पॉलिएस्टरचा, ज्याला सगळे प्लॅस्टिक म्हणतात, तो बॉल तेलाची पर्वा न करता सरळ जातो, आणि दुकानात सर्वात स्वस्त तोच असतो. दहाही फ्रेममध्ये नऊ पिन आणि स्पेअर, शेवटच्या जादा बॉललाही नऊ पिन, असा एकही स्ट्राइक नसलेला गेम 190 चा होतो. ज्यांची सरासरी 130-140 वर अडकली आहे त्यांनी पैसे आधी हाताच्या मापावर, म्हणजे नीट ड्रिलिंगवर, आणि मग या प्लॅस्टिक बॉलवर घालावेत. रिअॅक्टिव्ह बॉलची पाळी त्यानंतर, आणि तोही आपला वेग व रेव्ह मोजून झाल्यावरच.