ड्रममध्ये नेमकं काय वाढतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

रायझोबियमचं, म्हणजे सोयाबीन-कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देणाऱ्या जिवाणूचं, उत्पादन मोठ्या प्रमाणावर कसं करतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘२०० लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ आणि एक पाकीट कल्चर टाकलं की जिवाणू आपोआप वाढतात. फर्मेंटर, ऑटोक्लेव्ह सांगून शेतकऱ्याला घाबरवता कशाला? कंपन्यांचा धंदा वाढवायचाय का?’

तुमचा राग समजतो. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली महिनोन् महिने पडलेली कल्चरची, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणूंची, पाकिटं शेतकऱ्याच्या गळ्यात मारली जातात, त्याची चीड मलाही येते. पण ड्रममध्ये जे वाढतं ते रायझोबियमच असतं का?

सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारं ब्रॅडीरायझोबियम (रायझोबियमचाच भाऊबंद) फार सावकाश वाढतं. एकाचे दोन व्हायला त्याला सात-आठ तास लागतात, म्हणजे दिवसभरात ते जेमतेम आठ-दहापट होतं. पाण्यातून, गुळातून, हवेतून आलेले कितीतरी जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. त्यातून गुळातली मुख्य साखर, म्हणजे सुक्रोज, ब्रॅडीरायझोबियमला नीट वापरताच येत नाही. म्हणून तर प्रयोगशाळेत त्याला मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल देतात. गूळ खातात ते यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू. ड्रमचा आंबूस वास आणि वरचा फेस त्यांचाच. त्या आम्लात आपला जिवाणू तग धरत नाही.

फर्मेंटर म्हणजे जिवाणू वाढवायची बंद टाकी. तिचा सगळा खटाटोप एकट्या जिवाणूला मोकळं रान देण्यासाठी असतो. खाद्य दाबाखालच्या वाफेने (ऑटोक्लेव्हचं काम हेच) १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, हवा गाळून सोडायची, आधी फ्लास्क, मग लहान टाकी, मग मोठी, असं वाढवत न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर नमुना काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या खाद्याच्या प्लेटवर लावून बघायचा: रायझोबियमच्या वसाहती (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) पांढरट राहतात, इतर बरेच जिवाणू लाल रंग ओढतात. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप रायझोबियमच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ड्रममधलं कोण मोजतं?

सगळ्याच जिवाणूंना हा नियम लावू नका. उसाच्या आत राहून नत्र पुरवणारा अ‍ॅसिटोबॅक्टर भरपूर साखर आणि आम्ल दोन्ही सोसतो. शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या जीवामृताशीही माझं भांडण नाही, त्यात मिश्र जिवाणूच अपेक्षित असतात.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येकाने फर्मेंटर घ्यावा असं मी म्हणत नाही. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून करावं, आणि टाकी घेण्याआधी प्लेट लावून वसाहती मोजता येणारं माणूस नेमावं. टाकी नंतरही घेता येते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, शेतात बघा. सोयाबीनचे तीन पट्टे पेरा: एक कल्चरशिवाय, एक ड्रमच्या पाण्याचा, एक विद्यापीठाच्या ताज्या कल्चरचा. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी लावा, कल्चर सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवा. फुलोऱ्याच्या सुमारास प्रत्येक पट्ट्यातली दहा झाडं मातीसकट खणून काढा, नुसती उपटली तर गाठी मातीतच राहतात. गाठी मोजा आणि चिरून बघा. आत लालसर-गुलाबी असेल तर नत्र बांधला जातोय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आधी सोयाबीन घेतलेल्या रानात बिनकल्चरच्या पट्ट्यातही गाठी दिसतील, म्हणून तो पट्टा हवाच. आकडे इथेच प्रतिक्रियेत टाका, ड्रमचा पट्टा सरस निघाला तरी मी ते लेखात घालीन.